‘चालून जाईल’ची मर्यादा

बुलडाणा जिल्ह्याचे तेरा तालुके नकाशावर वेगवेगळ्या रंगांत दाखवलेले असले, तरी बोलण्यात येथे दोनच प्रदेश आहेत : घाटावरचा आणि घाटाखालचा. वर बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा. खाली मोताळा, मलकापूर, नांदुरा आणि त्यापलीकडे सातपुड्याच्या पायथ्यापर्यंतचा मुलूख. सोयरिकीपासून शिव्यांपर्यंत अनेक बाबतींत हा भेद पाळला जातो. मोटारसायकलच्या बाबतीतही तो पाळला जातो, हे मात्र आमच्या लक्षात उशिरा आले. वर मुरूम, दगड आणि चढ-उतार. खाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळी, खोल, चिकट माती. एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेल्या दोन गाड्या, एक वर आणि एक खाली नांदली, की पाच वर्षांनी सख्ख्या वाटत नाहीत. त्यांचे सुटे भाग बदलत गेलेले असतात, आणि ते बदलणाऱ्याने प्रत्येक वेळी वाटेचा विचार केलेला असतो.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. दोघांची घरे वर, महाविद्यालये खाली, आणि मधे राजूर घाट. उमेदीची कैक वर्षे तासिका तत्त्वावर गेली. पगार शिकवलेल्या तासांचा, रस्त्यातल्या तासांचा नव्हे. म्हणून दोघांनी मिळून एक जुनी, शंभर सीसीची मोटारसायकल घेतली आणि ती आळीपाळीने चालवली. पुढे परिस्थिती बदलली, गाडी बदलली नाही. तेव्हा सुट्या भागांविषयी मत देण्याचा आमचा अधिकार पदवीतून आलेला नाही. तो कुठून आला, हे पुढे येईलच.

विषयाला सुरुवात मात्र जरा लांबून केली पाहिजे. मोटारसायकलींचा ‘ट्रायल’ नावाचा एक खेळ आहे. शर्यतीच्या नेमका उलट. त्यात वेगाला मोल नाही. खडक, ओढा, निसरडी माती, झाडांच्या मुळ्या यांतून एक लहानसा टप्पा आखलेला असतो आणि स्वाराने पाय न टेकता त्यातून गाडी काढायची असते. पाय एकदा टेकला तर एक गुण चढतो, दोनदा टेकला तर दोन, त्याहून अधिक कितीही वेळा टेकला तरी तीन. गाडी अडली किंवा हद्दीबाहेर गेली तर पाच. ज्याचे गुण सर्वांत कमी, तो विजयी. (परीक्षेची ही पद्धत आमच्या काही विद्यार्थ्यांना मनापासून आवडेल.) या खेळासाठी घडवलेल्या आजच्या गाडीला बसायला जागा जवळजवळ नसतेच, कारण स्वार उभाच असतो. टाकीत पेट्रोल दोन-तीन लिटर. वजन सत्तर किलोच्या आसपास. रस्त्यावरच्या गाडीच्या मागच्या टायरात तीसेक पौंड हवा भरतात. येथे चार-पाच पौंड, म्हणजे टायर दगडाला पंजासारखा धरतो. दात्यांचा हिशेब असा, की गाडी माणसाच्या चालीने चालावी आणि तरीही बंद पडू नये. अशा गाडीतला एकही भाग ‘सर्वसाधारण उपयोगाचा’ नसतो.

या खेळाशी आपला संबंध काय, असे वाचकांना वाटेल. संबंध बुलेटमधून येतो. आपल्याकडे पाटील, फौजदार आणि लष्कर यांची म्हणून ओळखली जाणारी ही गाडी इंग्लंडात नावारूपाला आली ती याच चिखलात. मागच्या चाकाला झोके घेणारी नवी रचना असलेल्या बुलेट १९४८ साली ट्रायलमध्ये आणि त्याच वर्षी इटलीतल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. जॉनी ब्रिटन या स्वाराने रॉयल एनफिल्डवर स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल १९५२ आणि १९५७ अशी दोनदा जिंकली. या दोन विजयांच्या मधे, १९५५ साली, रेडिचच्या त्या कारखान्याने मद्रास मोटर्सशी भागीदारी केली आणि बुलेट भारतात बनू लागली. भारतात पुढे ती जाडजूड झाली, मिरवणुकीत शिरली. २०१९ साली कंपनीने उंच सायलेन्सर, एकच सीट आणि खाचांचे टायर असलेली ‘ट्रायल्स’ नावाची बुलेट बाजारात आणली आणि वर्षभरात ती बंदही झाली. आमच्या दृष्टीने तो आठवणींचा व्यापार होता. खरी परंपरा दुसरीकडेच चालू होती, आणि ती चालवणाऱ्यांनी या खेळाचे नावही ऐकलेले नव्हते.

घाटाखाली राजदूत ही दूधवाल्यांची गाडी. पोलंडमधल्या एका गाडीवरून बेतलेली, १९६० नंतरच्या दशकात आपल्याकडे आलेली, दोन झटक्यांच्या इंजिनाची. दोन्ही बाजूंना कॅन, मागे चाऱ्याचा भारा, आणि पांदणीतून गुडघाभर गाळात ती चालायची. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून ती पाजायची, प्लग काढून पॉलिशपेपरने घासायचा, पॉइंटमधली फट ब्लेडच्या पात्याने बघायची आणि सायलेन्सर कोंडला की आतली नळी काढून विस्तवात भाजायची, हे तिच्या मालकाला यायलाच हवे होते. राजदूत बंद होऊन आता बरीच वर्षे झाली. तिच्या जागी चार झटक्यांच्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या. वाटा मात्र त्याच राहिल्या.

या वाटांनी गाडीत काय काय बदलले, ते पाहण्यासारखे आहे. काळी माती ओली झाली की टायर आणि मडगार्ड यांच्यामधल्या बोटभर फटीत भरते, तिथेच घट्ट बसते आणि चाक फिरेनासे होते. मृगाचा पाऊस पडण्याआधी घाटाखालचा मिस्तरी पुढचे मडगार्ड पट्ट्या लावून चार बोटे वर घेतो, किंवा सरळ काढून खुंटीला टांगतो. परदेशात चिखलात धावणाऱ्या गाड्यांचे मडगार्ड चाकापासून वीतभर उंच असते ते याच कारणाने. तेथे त्यासाठी अभियंते बसले, येथे एका पावसाळ्याचा अनुभव पुरला. चेनवरचे पत्र्याचे पूर्ण झाकण घाटावर धूळ अडवते म्हणून ठेवावे, घाटाखाली ते गाळाचे कोठार होते म्हणून अर्धे कापावे. खडकाळ वाटेवर इंजिनाच्या पोटाखाली जाड पत्र्याचे ताट बसवावे. ट्रायलच्या गाडीलाही ते असते. आमच्याकडे ते ऑइलच्या रिकाम्या पिंपातून कापलेले असते, इतकाच फरक.

दात्यांचे गणित याहून नाजूक. समजा, पुढच्या लहान चाकाला १४ दाते आहेत आणि मागच्या मोठ्याला ४२. म्हणजे पुढचे तीन वेळा फिरले की मागचे एकदा. पुढे १४च्या जागी १३ घातले की हेच प्रमाण सव्वातीनच्या जवळ जाते. ओढ साताठ टक्क्यांनी वाढते, गाडी चढावर धाप टाकत नाही, गाळात पहिल्या गिअरमध्ये शांतपणे चालते. याची किंमतही मोजावी लागते. डांबरी रस्त्यावर त्याच वेगाला इंजिन अधिक फिरते, पेट्रोल अधिक लागते आणि लहान चाकावर चेन जास्त वाकत असल्याने ती लवकर झिजते. शिवाय झिजलेल्या दात्यांवर नवी चेन घालणे म्हणजे नवी चेन फुकट घालवणे. तिन्ही वस्तू एकत्रच बदलाव्या लागतात. पैसे वाचवण्यासाठी आम्ही एकदा नुसती चेनच बदलली होती. एका सत्रात ती गेली.

हवेच्या जाळीकडे सर्वांचेच दुर्लक्ष होते. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत रस्त्यांवर जी धूळ उडते, ती इंजिनात गेली की पिस्टनच्या रिंगांना घासून काढते आणि मग गाडी ऑइल पिऊ लागते. स्पंजाची जाळी असेल तर ती धुऊन, वाळवून, ऑइलचा हात देऊन परत बसवणे हे अर्ध्या तासाचे काम. आम्ही ते वर्षानुवर्षे केले नाही. क्लचचेही तसेच. मोटारसायकलच्या क्लचच्या प्लेटा इंजिनाच्या ऑइलमध्येच बुडालेल्या असतात, म्हणून चारचाकीसाठीचे निसरडे ऑइल तिला चालत नाही. प्लेटा एकमेकींवरून घसरू लागतात. डब्यावर ‘जेएएसओ एमए’ ही अक्षरे पाहून घ्यावीत. आणि वॉशिंग सेंटरमधल्या जोरदार फवाऱ्याखाली चाकांची बेअरिंग धरू नयेत. गाडी चकचकीत होते, पण ग्रीस पाण्याबरोबर निघून जाते.

आता त्या अधिकाराविषयी. २०११च्या ऑगस्टमध्ये मागच्या ब्रेकचे लायनर संपले होते. कंपनीची जोडी आणि तशीच दिसणारी दुसरी जोडी यांच्या किमतीत तेव्हाच्या आमच्या एका तासाच्या मानधनाइतकाही फरक नव्हता. तरीही आम्ही दुसरी घेतली. दुकानदार ‘चालून जाईल’ म्हणाला आणि आम्ही माना डोलावल्या. आठवडाभराने, संध्याकाळी, राजूर घाट उतरताना मागचे चाक जागीच अडकले. लोखंडी शूवर चिकटवलेले लायनर लांब उताराच्या उष्णतेने सुटले होते आणि ड्रमच्या आत पाचर होऊन बसले होते. गाडी आडवी होऊन कठड्याच्या दिशेने घसरत गेली. चालवणाऱ्याची हसळी मोडली. मागे बसलेल्याचे गुडघे सोलले आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पावसात रस्ताभर झाला. समोरून एसटी येत होती. चालकाने ती वेळीच थांबवली, म्हणून हा लेख दोघांच्या नावाने लिहिता येतो आहे.

गाडी उघडताना आमच्या मिस्तरीने ते सुटलेले लायनर हातात घेतले, बराच वेळ पाहिले आणि एवढेच म्हटले, “सर, चढाले इंजन लागते, उताराले बिरेक. पैसे उतारासाठी ठेवत जा.”

त्यानंतर आम्ही त्याच्याकडे नीट पाहू लागलो. गाडी उघडली की तो पोते अंथरतो आणि लागणाऱ्या भागांचे मनातल्या मनात तीन ढीग करतो. ज्यांच्यावर जीव टांगलेला असतो ते भाग कंपनीचेच : ब्रेकचे शू, चाकांची बेअरिंग, चेनचा संच, क्लच आणि ब्रेकच्या केबली, टायर. त्यासाठी गिऱ्हाईक घासाघीस करू लागले तर तो काम नाकारतो. जे भाग मोडले तर फक्त चेहरा पडतो ते कोणाचेही चालतात : आरसे, इंडिकेटर, मडगार्ड, सीटचे कव्हर, पायाखालचे रबर. तिसऱ्या ढिगातले भाग विकत घेणे त्याला मूर्खपणा वाटतो, कारण ते लेथवर किंवा वेल्डिंगच्या दुकानात बाजारापेक्षा चांगले बनतात : कॅरिअर, पोटाखालचे ताट, झिजलेल्या सांध्यातले बूश. पहिल्या ढिगातही तो खोक्यावर विश्वास ठेवत नाही. होलोग्रामही नकली निघतो, असे त्याचे म्हणणे. तो वजन पाहतो, कडांवरून अंगठा फिरवतो, बेअरिंग कानाशी धरून फिरवतो.

साहित्याच्या वाचकांना येथे एक प्रसंग आठवेल. रॉबर्ट पर्सिग यांच्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स’ (१९७४) या पुस्तकात निवेदकाच्या मित्राच्या बीएमडब्ल्यूचे हँडल सैल होते. निवेदक सुचवतो की, बीअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून फटीत घालू. मित्र दुखावतो. एवढ्या मोठ्या जर्मन गाडीत बीअरचा डबा! निवेदकाला मात्र ती पट्टी तिच्या गुणांमुळे योग्य वाटते : मऊ, न गंजणारी, हव्या त्या जाडीची. पर्सिग काही काळ बनारसला तत्त्वज्ञान शिकले होते, याचे आपल्याकडे कौतुक होते. आम्हांला त्यांचे कौतुक या पट्टीसाठी वाटते. तथापि, आमच्या मिस्तरीकडून पाहिले तर हा प्रसंग अर्धाच आहे. हँडलच्या फटीत डब्याचा पत्रा चालतो, हे पर्सिग सांगतात; कुठे चालत नाही, हे सांगण्याची वेळ त्या प्रसंगात येत नाही. आमच्या घाटात ती वेळ रोज येते.

आमचा आक्षेप येथूनच सुरू होतो. गेल्या काही वर्षांत ‘जुगाड’ या शब्दाला मोठी प्रतिष्ठा आली. उत्तरेकडे डिझेल पंपाचे इंजिन लाकडी सांगाड्यावर बसवून केलेल्या वाहनाला हे नाव होते. २०१२ साली ‘जुगाड इनोव्हेशन’ हे इंग्रजी पुस्तक आले आणि तो शब्द व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात शिरला. गरिबाची कल्पकता, अडचणीतून संधी, वगैरे. हे कौतुक ज्यांना परवडते त्यांच्या गाड्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जातात. दुसऱ्या बाजूला ‘नेहमी ओरिजिनलच वापरा’ असा कंपन्यांचा उपदेश आहे, आणि तोही तितकाच सोयीस्कर, कारण त्यात आरसाही आला आणि ब्रेकही. या दोन्ही बोलण्यांतून एकच गोष्ट गहाळ होते : कुठे काटकसर करावी आणि कुठे करू नये याची निवड. जुगाडाचे कौतुक करणाऱ्यांना मिस्तरीचा हात दिसतो, त्याचा नकार दिसत नाही. आम्ही दोघे साहित्याच्या वर्गात विवेक हा शब्द इतक्या वेळा उच्चारतो की त्याची झीज झाली आहे. गॅरेजमध्ये त्याचे दाते शाबूत आढळले.

मराठीचे अध्यापक म्हणून आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. हा सारा निवाडा भाषेत साठवलेला आहे. मिस्तरी एखाद्या भागाविषयी ‘चालेल’ म्हणतो, ‘भागेल’ म्हणतो, ‘टिकेल’ म्हणतो, क्वचित ‘भरवशाचा हाय’ म्हणतो. आणि ‘चालून जाईल’ हे तो सर्वांत खालच्या पायरीला म्हणतो. त्यातल्या ‘जाईल’ या सहायक क्रियापदात काम निभावेल आणि वस्तूही निघून जाईल, असे दोन्ही अर्थ भरलेले असतात. ज्या दुकानदाराने आम्हांला ते लायनर विकले त्याने अगदी अचूक शब्द वापरला होता. ऐकणारे आम्ही दोघे, मराठीचे एम.ए., तो सैलपणे ऐकत होतो. गाडी ‘उचल घेत नाही’ आणि गाडी ‘दम टाकते’ या दोन तक्रारींची कारणे निराळी आहेत. पहिलीत तो कार्बोरेटर उघडतो, दुसरीत क्लच. ‘मिसिंग मारते’ म्हटले की प्लग. वऱ्हाडी बोलीचे शब्द गोळा करताना आमचे विद्यार्थी जात्याचे, मोटेचे, पाभराचे शब्द आणतात, आणि ते आणलेच पाहिजेत. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या महाविद्यालयातही पेढे वाटले गेले. पण ज्या शब्दांवर आज संध्याकाळी कोणीतरी घाट उतरणार आहे, ते शब्द कोणत्या वहीत आहेत?

हे घाईने विचारण्याचे कारण आहे. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ची मानके आली. धूर कमी झाला, हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला, इंधन मोजून सोडणारी विजेची यंत्रणा आली आणि दोष शोधायला कानाऐवजी स्कॅनर लागू लागला. अनेक ठिकाणी एक बूश सुटा मिळत नाही, पूर्ण जुडगाच घ्यावा लागतो. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पुढे त्याचे संकेतस्थळही निघाले. वाहने हे त्यातले एक क्षेत्र आहे. त्या हक्काचा खरा अर्थ आमच्या दृष्टीने असा, की माहिती आणि सुटा भाग पोत्यावर बसलेल्या माणसापर्यंत पोहोचावा, आणि माहिती त्याच्या भाषेत असावी. आमच्या मिस्तरीचा मुलगा मोठ्या शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये आहे. स्कॅनरवर काही दिसत नाही आणि गाडी तरीही कुरकुरते, तेव्हा तो बापाला फोन लावतो आणि फोन इंजिनाजवळ धरतो.

समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून गेला आहे, पण त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. त्यामुळे आमच्यासारख्यांची वाट जी होती तीच राहिली, आणि गाडीही. गेल्या महिन्यात तिचा चेनचा संच बदलायला निघाला. आमच्यापैकी एकाचे वडिलोपार्जित वावर मोताळ्याकडे आहे आणि रविवारी गाडी तिकडे जाते, म्हणून त्याला पुढे १३ दाते हवेत. दुसऱ्याची सगळी वाट डांबरी, त्याला पेट्रोलची काळजी, तो १४वर अडून बसला आहे. मिस्तरीने दोन्ही पोत्यावर काढून ठेवली आहेत आणि तो चहा सांगायला गेला आहे.